नाना निवृत्त होताहेत, लागा तयारीला!

तुमच्या संस्थेतले एखादे नाना ‘विश्वस्तपद सोडतो’ म्हणाले, तर आधी विश्वास ठेवू नका. आपल्याकडे विश्वस्त निवृत्त होत नसतो. त्याची शोकसभा होते, दोन मिनिटं उभं राहायचं असतं, आणि पुढच्या बैठकीला त्याच्या खुर्चीत त्याचा मुलगा बसलेला असतो. असं असताना एखादा माणूस स्वतःच्या पायांनी जिना चढून येतो आणि राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवतो, म्हणजे नक्की कोणाशी तरी वाजलंय. कोणाशी, हे शोधण्यात पहिले पंधरा दिवस घालवा. ‘वय झालं, आता तरुणांनी बघावं’ असं कारण त्यांनी लिहिलेलं असेल. सभेतल्या तरुणांनी, म्हणजे एकसष्ट ते अडुसष्ट वयोगटातल्या सगळ्यांनी, ते मनावर घेऊ नये.

हे नाना तुम्हाला माहीत आहेत. पेठ, सुरगाण्याकडून शिकायला नाशकात आलेल्या मुलांसाठी एक जुनं वसतिगृह असतं, खाली अभ्यासिका, मागे मेस. तिथे गेली एकतीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला एक सायकल आणि नंतर एक लुना येऊन उभी राहते, तेच नाना. रविवार कारंज्यावरचा कुठला किराणावाला जूनमध्ये दोन महिने उधारीसाठी थांबतो, कुठला देणगीदार चेक देतो पण नाव छापलेलं त्याला चालत नाही, मेसच्या मावशींचा पगार कोणत्या खात्यातून निघतो, बोअरची मोटर बंद पडली की कोणत्या बाजूने थोपटायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात. २००८च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा कीर्द, खतावणी आणि इतिवृत्ताच्या वह्या डोक्यावरून वर नेणारे तेच. (बाकीचे विश्वस्त त्या दिवशी होळकर पुलावर पूर बघत होते. मीही होतो.)

आता एवढं सगळं एकाच डोक्यात आहे म्हटल्यावर एखादा अर्धवट माणूस शंभर पानी वही घेऊन त्यांच्यासमोर बसेल आणि म्हणेल, ‘नाना, सांगा, मी लिहून घेतो.’ तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही सत्कार समिती नेमा.

समितीची पहिली बैठक तारखेवर वाया घालवावी. २७ फेब्रुवारी सुचेलच कोणाला तरी, पण त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन, गावातला एकही वक्ता मोकळा नसतो. मार्चचा पहिला रविवार बरा. मार्चअखेर म्हणजे हिशेब मिटवण्याचे दिवस. त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंत सत्कारमूर्ती व्हाउचरं लावत बसलेले असतील आणि कार्यक्रमात लुडबुड करणार नाहीत.

सभागृहाचं काळजीपूर्वक बघा. औरंगाबादकर सभागृह आटोपशीर आहे, पण ते सार्वजनिक वाचनालयाचं, आणि ते वाचनालय १८४० सालचं. इतक्या वर्षांत तिथे किती जणांनी किती जणांच्या हातात चाव्या दिल्या असतील, असले विचार त्या इमारतीत डोक्यात येण्याचा धोका असतो. त्यापेक्षा कालिदास कलामंदिर घ्या. भाडं जास्त आहे, निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील, पण फोटो समोरून घेतला तर कळत नाही. पहिल्या चार रांगांत वसतिगृहातली मुलं आणून बसवा. दुसऱ्या दिवशी त्यांची बारावीची परीक्षा आहे, असं नाना म्हणतील. त्यांना गप्प करा. सत्कार त्यांचाच आहे, त्यांना काय कळतंय.

व्यासपीठावर एकोणीस खुर्च्या लागतील. पाहुणे म्हणून पालकमंत्र्यांना बोलवा. ते येतील न येतील. पालकमंत्र्यांची वाट बघण्याचा नाशिककरांना पुरेसा सराव आहे. मधल्या वेळात ढोल वाजवावेत. नाशिक ढोल वाजत असताना माणसाला आपण कशासाठी जमलो आहोत हा प्रश्न पडत नाही.

फेटा, शाल, श्रीफळ याबद्दल मी काही सांगायला नको. फक्त शाल पांघरल्यावर फोटो होईपर्यंत ती धरून ठेवायला एक माणूस नेमा. नानांचे खांदे अरुंद आहेत. वहिनींना पैठणी द्यायचीच. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे येवल्याची देता येईल, पण खर्चाचा आकडा ऐकून समिती ‘सेमी’वर येईल. निवेदकाने मात्र ‘येवल्याची पैठणी’ असंच म्हणावं. वहिनींना हातात घेताच कळेल. त्या काही बोलणार नाहीत. एकतीस वर्षं त्या हेच करत आल्या आहेत.

मानपत्र नव्याने लिहायला घेऊ नका. तुमच्याकडे मागच्या वर्षीचा शोकप्रस्ताव असेलच. ऋषितुल्य, आधारवड, निष्काम कर्मयोगी, सगळं त्यात तयार आहे, फक्त ‘होते’च्या जागी ‘आहेत’ करा. एखाद्या ठिकाणी करायचं राहून जातं. वाचणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. फ्रेम मात्र मोठी करा, इतकी की रिक्षात बसणार नाही. नानांचा दोन खोल्यांचा संसार. ती फ्रेम त्यांच्या पलंगामागे उभी राहील, आणि दर दिवाळीला झाडताना तुमची आठवण निघेल.

भाषणं लांबतील, लांबू द्या. नाशकात पूर किती आला हे गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून ठरतं: पायाशी, कमरेला, गळ्याशी. भाषणांनाही हेच माप लावा. तिसऱ्या वक्त्याला पाणी कमरेला लागतं, सातव्याला मारुतीची तोंडं बुडतात. ती दोन तोंडं बघितली की मला आमची कार्यकारिणी आठवते. एक तोंड व्यासपीठाकडे, त्याने ‘नानांची पोकळी भरून निघणार नाही’ म्हणायचं. दुसरं मागे चहाच्या टेबलाकडे, त्याने ‘सुटलो बुवा, फार काटेकोर माणूस’ म्हणायचं. एखाद्या तरी वक्त्याने तात्यासाहेब शिरवाडकरांची, म्हणजे कुसुमाग्रजांची, कविता म्हणावी, अर्धी आठवली तरी चालेल. तात्यासाहेबांनी १९५०मध्ये लोकहितवादी मंडळ उभं केलं ते बैठका, वर्गणी, सतरंज्या असल्या खटाटोपासकट, हा मुद्दा काढू नये. टाळ्या कवितेला पडतात.

थैलीबद्दल समितीत वाद होईल. करू नका. मोठ्या पुठ्ठ्याचा चेक द्या, आकडा डोळ्यांत भरेल असा घ्या. नाना ती रक्कम तिथल्या तिथे संस्थेला परत देणार, हे धरूनच अंदाजपत्रक बनवा. हॉलचं भाडं त्यातून निघतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सत्काराला उत्तर. हॉल नऊला सोडायचाय, म्हणून नानांना पावणेनऊला माइक द्या आणि ‘दोनच मिनिटं’ असं कानात सांगा. जास्त वेळ मिळाला तर हा माणूस कामाचं बोलेल. मेसच्या पत्र्याला कुठे भोक आहे, पावसाळ्याआधी काय करायला हवं, सुरगाण्याच्या कोणत्या दोन मुली शाळा सोडण्याच्या बेतात आहेत, कपाटाची दुसरी चावी कुठे आहे. समोर मंडळी मसालेभाताकडे डोळे लावून बसलेली. असल्या वेळी चावी कुठे आहे ते कोण ऐकणार? दोन मिनिटं झाली की राष्ट्रगीत सुरू करा. त्याच्या मध्ये कोणाला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला की संस्थेचं काम संपलं. खरं तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्यात कलम २२ आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, ठरावाच्या प्रतीसकट. पण हा अर्ज आजवर दर वेळी कोण भरायचं? नाना. आणि ते तर निवृत्त झाले. म्हणून तो भरू नका. बँकेतली सहीही बदलू नका, त्यासाठी चौघांना एकाच दिवशी आधार कार्ड घेऊन जावं लागतं आणि तसा दिवस पंचांगात नाही. आयकराच्या पोर्टलवर नानांचा मोबाइल नंबर आहे, तोही असू द्या.

मेअखेर ते ९० दिवस संपतात. त्याच सुमाराला, ३१ मेला, देणगीदारांची यादी आयकराच्या फॉर्म १०-बीडीमध्ये चढवायची शेवटची तारीख असते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. नाना त्या दिवशी नातीकडे पुण्याला निघालेले असतील. एकतीस वर्षांत मे महिन्यात पहिल्यांदाच. खिडकीची जागा, मांडीवर नातीसाठी घेतलेला चिवडा. बस संगमनेर सोडून चंदनापुरी घाटाला लागली, की त्यांना फोन लावा. रेंज जात-येत असते, म्हणून मोठ्याने बोला.

‘‘नाना, झोपला होतात का? तुम्हाला एक ओटीपी आलाय बघा. नाही, आत्ताच सांगा, दहा मिनिटांत जातो तो. चष्मा? वरच्या पिशवीत असेल तर कंडक्टरला काढायला सांगा ना.’’