चार आठवडे थांबूनही मासे का मेले? पंचवटीतल्या आजोबांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंत: "तुमचा लेख वाचून नातीसाठी आणलेली चाळीस लिटरची टाकी चार आठवडे फिल्टर लावून रिकामी चालवली. पोरगी रोज विचारायची, मासे कधी? शेवटी सहा गोल्डफिश सोडले, तर पाच दिवसांत तीन मेले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. आम्ही लहानपणी दुसऱ्या दिवशी मासे सोडायचो, काही होत नव्हतं. गोदावरीतल्या माशांना कोण टेस्ट किट लावतं? हा सगळा किट खपवायचा धंदा आहे."

आधी माझी चूक कबूल करतो. "चार ते सहा आठवडे थांबा" हे मी ठळक लिहिलं, पण त्या काळात टाकीला खायला काय घालायचं ते एका ओळीत उरकलं. तुम्ही थांबलात. पण ज्यांच्यासाठी थांबायचं, ते जिवाणू महिनाभर उपाशी होते. नातीच्या हिरमोडात माझा वाटा आहे आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. पहिली दोन्ही माशाला विष आहेत, तिसरं बऱ्याच प्रमाणापर्यंत चालतं आणि पाणी बदलून कमी करता येतं. अमोनिया आलाच नाही, तर हे जिवाणू वाढणार कशावर? त्यामुळे नुसत्या पाण्यावर चाललेला फिल्टर महिन्यानंतरही जवळजवळ कोराच राहतो. तुमचे सहा मासे अशा कोऱ्या फिल्टरच्या टाकीत गेले. पाणी स्वच्छ दिसणं हा पुरावा नाही, कारण विरघळलेल्या अमोनियाला रंगच नसतो. त्यात पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो.

आता गोदावरी. घाटाच्या पायरीवर पाय घसरला नाही असा नाशिककर विरळाच. दगडावरच्या त्या बुळबुळीत थरात शेवाळाच्या जोडीला हेही जिवाणू राहतात. नदीत असे दगड आणि वाळू अमाप, पाणी वाहतं आणि माशामागे पाणी कितीतरी जास्त. चाळीस लिटरच्या काचेच्या डब्यात हा थर आपल्यालाच बसवावा लागतो. तो स्पंजवर, सिरॅमिक रिंगांवर, खडीवर बसतो. पाण्यात अगदी थोडा तरंगतो. म्हणून जुन्या टाकीचं पाणी आणून ओतण्याचा फारसा उपयोग नाही. जुना स्पंज मात्र खरं विरजण आहे. फक्त दुधाचं दही एका रात्रीत लागतं, तसं इथे होत नाही. या जिवाणूंना दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. शिवाय थंडीत ते आणखी मंदावतात. तुम्ही टाकी डिसेंबरात लावलीत. रात्री पाणी १८ अंशांवर जात असेल, तर तेच काम एप्रिलपेक्षा हळू होणार. म्हणूनच आठवडे मोजण्यावर माझा आता भरवसा नाही.

दुकानात बाटलीतून मिळणारे जिवाणू घातले तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंत. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइटचं काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे १९९८ साली टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याआधी हे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. चांगल्या, ताज्या बाटलीने मदत होते. पण उन्हात पडून राहिलेल्या बाटलीत काय जिवंत आहे, हे लेबल सांगत नाही. ते थेंब टाकून पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं टेस्ट किटच सांगतं. मी किट विकत नाही काका, कुणाकडून पैसेही घेत नाही.

आणि लहानपणीचे मासे? तेव्हाही काही मरत असणार, पण आपल्या आठवणीत जगलेलेच राहतात. हौदात पाणी जास्त, मासे दोन-चार आणि भिंतींवर शेवाळ असेल, तर ते खरोखरच तगतातही.

आता उरलेल्या तीन माशांचं बघू. रोज पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून आधी क्लोरीन घालवणारं औषध घाला. खाणं एक दिवसाआड, चिमूटभरच. नायट्राइट दिसू लागलं की दहा लिटरला एक ग्रॅम साधं खडेमीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरायला अडथळा करतं. पुढे पाणी बदलताना मीठ फक्त बदललेल्या पाण्यापुरतं घालायचं. मनीप्लांटच्या मुळ्या पाण्यात सोडल्या तर त्याही अमोनिया आणि नायट्रेट ओढतात. स्पंज नळाखाली धुऊ नका. मी एकदा धुतला आणि महिन्याभराची मेहनत क्लोरीनने घालवली. काढलेल्या पाण्यातच तो पिळायचा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर रोज शून्य येऊ लागले, की टाकी बसली. तोवर नवा मासा नको. आणि एक गोष्ट आजच सांगतो: गोल्डफिश मोठे होतात, या तिघांनाही चाळीस लिटर पुढे अपुरंच पडेल.

मी गंगापूर रोडला राहतो. माझ्या टाकीत दोन वर्षं चाललेला स्पंज आहे आणि सहा महिन्यांत नवा मासा आलेला नाही, त्यामुळे त्यातून रोग येण्याची भीती कमी. रविवारी सकाळी नातीला घेऊन या. अर्धा स्पंज कापून माझ्याच टाकीच्या पाण्यात, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात देतो. वाटेत कुठे थांबू नका, घरी पोचल्याबरोबर तो तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. येताना तुमच्या टाकीचं पाणी बाटलीत आणा, नातीच्या हातानेच थेंब टाकून रंग बघू.