मीठ सोडून कंबरदुखी जात नाही
सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हमालांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘कंबरदुखी सोडियम चॅनेलमुळे होते, मीठ बंद करा.’ पहिलं विधान अर्धवट खरं, सल्ला साफ चुकीचा.

हे चॅनेल म्हणजे मज्जातंतूच्या आवरणातली प्रथिनांची दारं. ती उघडली की सोडियम (मिठातला एक घटक) आत शिरतं आणि वेदनेचा संदेश निघतो. जुनाट दुखण्यात काही दारं फार सहज उघडू लागतात. जेवणातल्या मिठाने ती उघडत नाहीत. मीठ थोडं कमी-जास्त खाल्लं तरी रक्तातलं सोडियम किडनी ठरावीक पातळीत, १३५ ते १४५ मिलिमोल प्रतिलिटर, राखते. हळदीची पोती वाहून घामाघूम होणाऱ्याने मीठ एकदम तोडलं तर चक्कर येऊ शकते, पेटके येऊ शकतात. कृपया तोडू नका. बीपीसाठी डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं असेल, तर ते पाळा.

अशा चॅनेलला अडवणारी सुझेट्रिजिन ही वेदनाशामक गोळी अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाली, पण ताज्या दुखण्यासाठी.