पुंगळी मोजता, मग गोळीचा हिशेब का नको?

बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला माणूस २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. लगेच मुंबईत 'बदला पुरा'चे फलक लागले आणि आमच्या जुन्या पोलीस लाईनीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तो अजूनही अधूनमधून फिरतो. मजकूर थोडक्यात असा: एन्काउंटरमुळेच मुंबईचं गँगवॉर संपलं, कोर्टात न्याय मिळत नाही, आणि गोळी झाडणाऱ्या पोलिसाची चौकशी केली की पोलिसांचं खच्चीकरण होतं. मी हवालदाराची मुलगी. नायगावच्या लाईनीत वाढले. वर्दीवर माया आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

आधी गँगवॉर, कारण हा मुद्दा भल्याभल्यांना पटतो. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकी झाल्या आणि त्यात सुमारे १३५ माणसं मेली. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणातला हा आकडा आहे. गोळीने जरब बसते म्हणता, तर त्याच काळात शहर शांत व्हायला हवं होतं. झालं काय? १६ जानेवारी १९९७ ला पवईत कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांना दिवसाढवळ्या गोळ्या घातल्या. त्याच वर्षी १२ ऑगस्टला अंधेरीत मंदिराबाहेर कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमारांचा खून झाला. चकमकींनी काहीच फरक पडला नाही, असं मी म्हणत नाही. पण टोळ्यांचं कंबरडं मोडायला बाकीच्या बऱ्याच गोष्टी लागल्या. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, आयात खुली होत गेली आणि सोन्याच्या तस्करीतला पैसा आटला. १९९९ मध्ये मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा कायदा आला, फोनवरची बोलणी कोर्टात पुरावा म्हणून टिकू लागली. अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालहून आणलं, छोटा राजनला २०१५ मध्ये इंडोनेशियाहून. पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या खुनासाठी राजनला २०१८ मध्ये जन्मठेप झाली, तीही मुंबईच्या कोर्टात, साक्षीपुराव्यावर.

कोर्टात न्याय मिळत नाही म्हणणाऱ्यांना २६/११ च्या रात्रीच्या गिरगाव चौपाटीची आठवण द्यावीशी वाटते. सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. अंगावर गोळ्या झेलून त्यांनी कसाबची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला. जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला ते जगासमोर आलं. चार वर्षांच्या आत, सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळ्या पायऱ्या चढून, तो फासावर गेला. त्याच खटल्यात दोन सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्यांनाही खटल्याआधीच गोळी घातली असती, तर हा फरक कुणाला कळला असता? खटले रखडतात हे खरं आहे आणि संतापजनक आहे. त्यावर उपाय म्हणजे न्यायाधीश वाढवणं, फॉरेन्सिकचे अहवाल वेळेत येणं.

आता खच्चीकरण. हा मुद्दा माझ्या घरातला आहे.

फायरिंगच्या सरावाला बाबा गेले की तिथे काडतुसं मोजून मिळत आणि सराव संपला की रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची कवचं, मोजून परत द्याव्या लागत. एकदा ते रात्री साडेनऊला घरी आले, गुडघ्यांना माती लागलेली. एक पुंगळी कमी भरत होती. सगळी तुकडी टॉर्च घेऊन गवतात वाकून शोधत होती. सापडली, रजिस्टरवर सही झाली, मगच सुटका. आईने जेवण परत गरम केलं. बाबा दमले होते, पण आपल्यावर अविश्वास दाखवला असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. हत्यार हातात दिलंय म्हणजे हिशेब द्यायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मातीत गेलेल्या गोळीचा हिशेब लागतो, मग माणसाच्या डोक्यात गेलेल्या गोळीचा मागितला तर अपमान कसा?

आणि हिशेब टाळला की भरतं कोण, हेही लाईनीतल्या माणसांनी पाहावं. ११ नोव्हेंबर २००६ ला छोटा राजन टोळीचा असल्याचा संशय असलेल्या राम नारायण गुप्ता उर्फ लखन भैयाला पोलिसांनी वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ 'चकमक' दाखवली. त्याच्याबरोबर उचललेल्या साक्षीदाराचा २०११ मध्ये, साक्षीच्या तोंडावर, खून झाला. २०१३ मध्ये १३ पोलिसांना जन्मठेप झाली. पथकाचे प्रमुख प्रदीप शर्मा मात्र तेव्हा सुटले. त्यांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती मार्च २०२४ मध्ये, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. मधली जवळजवळ अकरा वर्षं जन्मठेपेचा शिक्का होता तो हाताखालच्यांवर.

स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसाला आहेच, जसा तुम्हा-आम्हाला आहे. तो कोणी काढून घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एवढंच सांगितलं की चकमकीत माणूस मेला तर गुन्हा नोंदवा, तपास सीआयडी किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा, हत्यारं फॉरेन्सिककडे द्या, दंडाधिकाऱ्यांची चौकशी होऊ द्या आणि लगोलग बढत्या, शौर्यपदकं वाटू नका. खरोखर जिवावर बेतलं म्हणून ज्याने गोळी झाडली, त्याच्या हातात निर्दोषत्वाचा पुरावा याच चौकशीतून पडतो.

त्या निकालाची तारीख होती २३ सप्टेंबर. बरोब्बर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, मुंब्रा बायपासवर गोळी सुटली. आरोपीने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असं पोलीस म्हणाले. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याचं आलं, बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं आलं आणि पाच पोलिसांवर ठपका ठेवला गेला. अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे, त्या पाचांनाही पूर्ण बाजू मांडायला मिळाली पाहिजे. तोच हक्क मी आरोपीसाठीही मागतेय, कितीही घृणास्पद आरोप असला तरी.

कारण तो मेला आणि त्याच्यावरचा खटलाही तिथेच संपला. त्या दोन मुली उद्या मोठ्या होतील, तेव्हा त्यांच्या हातात कोर्टाचा निकाल नसेल. फलकांचे फोटो असतील.