12 बिटसाठी कर्ज काढू नका

"सॉफ्टवेअरमध्ये खरा ग्रिट येतच नाही. 12 बिटचं जुनं मशीन नसेल तर बूम-बॅप विसरा. दीड-दोन लाख घाला, मशीनची किंमत कधी पडत नाही. स्विंग फक्त एमपीसीत असतो. लॅपटॉपवर पॅड उशिरा वाजतात." अशी एक रील मुंबईतल्या बीट बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतेय. (मशीन म्हणजे सॅम्पलर: रेकॉर्डवरचे तुकडे साठवून पॅडवर वाजवायचं यंत्र, एमपीसी हा त्याचाच एक प्रकार; ग्रिट म्हणजे आवाजातली खरखर; बूम-बॅप म्हणजे हिप-हॉपचा जोरकस किक-स्नेअरचा बाज.) ती बघून कुर्ल्यातला माझा भाचा हप्त्यावर मशीन घ्यायला निघालाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळा डोलारा 12 बिटवर उभा आहे आणि तिथेच खोट आहे. ई-म्यू कंपनीच्या 1987 च्या एसपी-1200 या सॅम्पलरचे आकडे पाहा: 12 बिट (आवाजाची पातळी मोजण्याची बारकाई), 26.04 किलोहर्ट्झ (सेकंदाला 26,040 नमुने), एकूण 10 सेकंद, एका सॅम्पलला फार तर अडीच सेकंद. 12 बिट म्हणजे सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात साधारण 74 डेसिबलचं अंतर. लेव्हल भरून घेतलेल्या किक ड्रममध्ये त्याने फारसा फरक ऐकू येत नाही. खरखर येते ती पिच खाली आणल्यावर. जागा वाचवायला लोक मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 वर फिरवून सॅम्पल करायचे आणि मशीनमध्ये साधारण 5 सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवायचे. हे मशीन पिच बदलताना दोन नमुन्यांमधलं मूल्य काढत बसत नाही, जवळचा नमुना तसाच पुन्हा वाजवतं. त्या पायऱ्यांमुळे मूळ आवाजात नसलेल्या फ्रिक्वेन्सी वर येतात, तोच तो किणकिणाट. शिवाय मूळ आवाजाचा 9.6 किलोहर्ट्झच्या वरचा भाग गेलेलाच असतो (26.04 चे निम्मे 13.02, कारण मशीन तेवढ्याच फ्रिक्वेन्सीपर्यंत टिपतं; त्याला भागिले 1.35, म्हणजे 45 आणि 33 फेऱ्यांचं गुणोत्तर).

यातलं काहीही लॅपटॉपवर अडत नाही. चोर बाजारातून आणलेल्या लावणीच्या रेकॉर्डवरचा ढोलकीचा तुकडा घ्या. टाइम-स्ट्रेच (वेग तोच ठेवून पिच बदलणं) बंद ठेवून तो 5.2 सेमीटोन वर चढवा आणि बाउन्स करा, म्हणजे नवी ऑडिओ फाइल करून घ्या. त्यावर बिटक्रशर (बिट आणि नमुने कमी करणारा इफेक्ट) लावा, 12 बिट आणि 26,040 हर्ट्झ, आणि पुन्हा बाउन्स करा. मग सॅम्पलरमध्ये इंटरपोलेशन (नमुन्यांमधलं मूल्य काढणं) बंद करून 5.2 सेमीटोन खाली आणा. एबलटन या सॉफ्टवेअरच्या 'सॅम्पलर'मध्ये हा पर्याय आहे, 'सिम्प्लर'मध्ये नाही. शेवटी लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी कापणारा. बहुतेकांचं चुकतं ते क्रमात: क्रशर पिच उतरवल्यानंतर लावतात, नाहीतर सरळ मास्टरवर, म्हणजे सगळ्या गाण्यावर. मास्टरवर लावला की हाय-हॅट फुटते, बेसवर चरचर चढते आणि रॅपरचे स-श कानात टोचतात. एफएल स्टुडिओत तर एक्स्पोर्टच्या वेळी रीसॅम्पलिंगला सिंक (sinc) हा बारीक इंटरपोलेशनचा पर्याय निवडला की प्रोजेक्टमध्ये ऐकलेली खरखर फाइलमध्ये कमी होते. म्हणून सॅम्पल आधीच ऑडिओ करून ठेवा.

आणि 12 बिटशिवाय बूम-बॅप नाही, तर जे डिला या अमेरिकन बीटमेकरचं काय? स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं त्याचं एमपीसी-3000 हे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचं मशीन आहे. नाइन्थ वंडर या बीटमेकरने 2003 मध्ये रॅपर जे-झीला दिलेला बीट फ्रूटीलूप्सवर (एफएल स्टुडिओचं जुनं नाव) बनवला होता.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. एसपी-1200 च्या पहिल्या दोन आउटपुटांवरचे अॅनालॉग फिल्टर प्लगइनमध्ये तंतोतंत उतरत नाहीत. अडीच सेकंदांच्या बंधनामुळे माणूस पटापट निर्णय घेतो, हेही खरं. पण ते बंधन लॅपटॉपवरही घालून घेता येतं, त्यासाठी दोन लाख लागत नाहीत.

किंमत पडत नाही, हा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, पोरांना खड्ड्यात घालणारा आहे. किंमत टिकते ती चालू मशीनची. मागे 120 व्होल्ट लिहिलेलं अमेरिकन मशीन थेट आपल्या 230 व्होल्टला लावलं तर नशीब असेल तर फ्यूजवर भागतं, नाहीतर पॉवर सप्लाय जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी आणा, लॅमिंग्टन रोडला मिळेल. या पिढीच्या मशीनना 720 केबीच्या डबल डेन्सिटी फ्लॉपी लागतात, त्या आता शोधाव्या लागतात. पावसाळ्याच्या दमट हवेत स्लायडर आणि बटणांचे कॉन्टॅक्ट गंजतात. तरीही घ्यायचंच असेल तर पैसे देण्याआधी प्रत्येक पॅड हळू आणि जोरात वाजवा, प्रत्येक आउटपुट वेगळं ऐका, स्लायडर सावकाश सरकवताना स्क्रीनवरचा आकडा उड्या मारतो का बघा. फ्लॉपीवर सेव्ह करून मशीन बंद करा आणि तेच परत लोड करून दाखवायला सांगा. विकणारा इथे टाळाटाळ करू लागला तर उठून या.

स्विंगबद्दल फार बोलायची गरज नाही. एमपीसी-60 घडवणाऱ्या रॉजर लिन यांनीच ते समजावून सांगितलंय: जोडीतला दुसरा सोळांश (एका ठोक्याचा चौथा भाग) उशिरा वाजवायचा, बस. 90 बीपीएमला (मिनिटाला 90 ठोके) 54 टक्के स्विंग (50 म्हणजे सरळ) म्हणजे साधारण 13 ते 14 मिलिसेकंद उशीर, आणि तेवढं कुठल्याही सीक्वेन्सरमध्ये होतं.

पॅड उशिरा वाजत असतील तर आधी ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावा. विंडोजवर एसिओ (ASIO, आवाजाचा उशीर कमी करणारा) ड्रायव्हर निवडा आणि बफर 128 नमुन्यांचा ठेवा. 44.1 किलोहर्ट्झवर तो उशीर जेमतेम 3 मिलिसेकंदांचा होतो. कटकट आवाज आला तर 256 करा.