'आपल्याकडे मीडिया फुल फ्री आहे' या फॉरवर्डला उत्तर

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की भारतात हजारो पेपर आणि शेकडो चॅनेल आहेत, रोज कोणी ना कोणी सरकारला शिव्या घालतं, म्हणजे प्रेस फ्रीडम भरपूर आहे, तो 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' संस्थेचा जागतिक प्रेस फ्रीडम इंडेक्स फेक आहे कारण त्यात अफगाणिस्तान आपल्या वर दाखवलाय, आणि खऱ्या पत्रकाराला घाबरायचं कारण काय, कोर्ट आहे, कायदा आहे.

इंडेक्सचं आधी उरकतो. 2023 ला 180 देशांत आपण 161 आणि अफगाणिस्तान 152, हे खरंय. पण 2025 च्या यादीत आपण 151 आणि ते 175, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. बरं, इंडेक्स नका मानू, तरी पुढचं काही बदलत नाही.

चॅनेलची संख्या मोजून काय कळणार? तालुक्याचा पेपर चालतो सरकारी जाहिरातींवर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर, बऱ्याच ठिकाणी जाहिराती वार्ताहरालाच आणाव्या लागतात, पगार नाही, कमिशन. मग ज्या कॉन्ट्रॅक्टरकडून जाहिरात आणली त्याच्याच रस्त्याच्या खड्ड्यांची बातमी तो कशी लावणार?

आणि ज्यांनी लावली त्यांचं काय झालं तेही बघा. कोकणातल्या राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे तिथे होऊ घातलेल्या तेल रिफायनरीच्या विरोधात लिहायचे. 6 फेब्रुवारी 2023 ला रिफायनरी समर्थक जमीन दलालाबद्दल त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर त्या माणसाची गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले, खुनाचा गुन्हा दाखल झाला. छत्तीसगडच्या बिजापूरमध्ये मुकेश चंद्राकर यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार दाखवला, जानेवारी 2025 मध्ये त्यांचा मृतदेह कॉन्ट्रॅक्टरच्या जागेतल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला. हे दोघं खरे पत्रकार नव्हते का?

कोर्ट आहे, मान्य. केरळचे पत्रकार सिद्दीक कप्पन ऑक्टोबर 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या हाथरसला बातमीसाठी निघाले होते, वाटेतच अटक, यूएपीए म्हणजे दहशतवादविरोधी कायदा लागला. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर 2022 ला जामीन दिला, तरी दुसऱ्या केसमुळे बाहेर यायला फेब्रुवारी 2023 उजाडला. खटल्याचा निकाल न लागता सव्वादोन वर्षांहून जास्त जेल.

राहिला कायदा. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने 2017 ला केलाय, 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण तो नोकरीवर किंवा करारावर असलेल्या पत्रकाराला लागू होतो. ज्याला पेपरने कधी नेमणुकीचं पत्रच दिलं नाही त्या तालुक्याच्या वार्ताहराने मार खाल्ल्यावर पोलीस स्टेशनला जाऊन आपण पत्रकार आहोत हे कशाने सिद्ध करायचं?