पस्तीस इंची हौस

टायर बदलले तेव्हा गाडी इतकी देखणी दिसत होती, की दोन दिवस मी ती चालवलीच नाही. नुसता लांबून बघत राहिलो. 31 इंचांचे काढून 35 इंचांचे बसवले होते. तिसऱ्या दिवशी चालवली आणि कळलं, लांबून बघणंच बरं होतं.

पहिल्याच चढाला इंजिनानं मान टाकली. जो चढ ती चौथ्या गिअरमध्ये गुणगुणत चढायची, तिथे तिसरा टाकला, मग दुसरा. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तो रागानं नव्हे, काळजीनं. पाचवा गिअर शोभेपुरता उरला. दगडांतून गाडी हळू काढायला गेलो तर क्लचचा वास. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "नवीन टायरचा वास असतो तो."

दोष इंजिनाचा नव्हता. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं, आणि तेवढा जोर इंजिनाकडून जास्त मागतं. माझ्या ॲक्सलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यात, 3.73 चे गिअर होते. म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे 3.73 फेरे झाले की चाकाचा एक. 35 इंची टायरनं त्याच गिअरांची पत 3.30 वर आणून ठेवली. चौथ्यात ताशी 100 ला इंजिन पूर्वी मिनिटाला 2500 फेरे घ्यायचं, आता साधारण 2215. कमी फेरे म्हणजे डिझेलची बचत, अशी मी मनाची समजूत घातली. प्रत्यक्षात पाय कायम तळाशी टेकलेला, त्यामुळे बचतीचा प्रश्नच नव्हता.

उपाय एकच, ॲक्सलचे गिअर बदलणे. मुलगी त्याच सुमारास शाळेत गुणोत्तर आणि प्रमाण शिकत होती. तिला बसवलं. 3.73 गुणिले 35, भागिले 31. तिनं 4.21 काढून दिलं. झालं! मी 4.21 चे गिअर मागायला गेलो. तसे गिअर कुणी करतच नाही. 4.10 मिळतात, मग एकदम 4.56, मग 4.88, मग 5.13. कारण दात मोजून पाडावे लागतात आणि पावणेदहा दातांचं पिनियन अजून कुणाला जमलेलं नाही. पिनियन म्हणजे शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक, आणि ते ज्याला फिरवतं ते मोठं म्हणजे क्राऊन. क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 11, की झालं 3.73. पिनियनचा एक दात कमी केला की 4.10, आणखी एक काढला की 4.56. 4.88 साठी 39 ला 8. मुलीनं सगळे भागाकार पडताळले आणि विचारलं, "बाबा, मग सरळ 41 ला 9 का नाही म्हणत?" मला उत्तर सुचलं नाही. मी तिला भूगोल काढायला सांगितलं.

त्यात भाषेचा घोळ. 4.88 हा आकडा मोठा, पण त्या गिअरला म्हणायचं 'लो'. 3.73 लहान, तो 'हाय'. एका जाणकाराला मी म्हणालो, "मला आणखी हाय गिअर टाकायचेत." त्यानं माझ्याकडे डॉक्टर रिपोर्ट बघतात तसं बघितलं. अर्धा तास आमची जुंपली आणि शेवटी निघालं काय, तर दोघांचं म्हणणं एकच. तेव्हापासून मी नुसता आकडा सांगतो.

सल्ल्यांना तोटा नव्हता. ज्यानं 4.10 टाकले तो 4.10 वर शपथ घ्यायचा, 4.88 वाल्याला 4.88 सोडून जग दिसत नव्हतं. आपलं चुकलं असं म्हणणारा एकही भेटला नाही. एकानं मात्र शहाणा प्रश्न विचारला, "गाडी चालते कुठे?" मी म्हटलं, "डोंगरात, दगडांत, नदीनाल्यात." आतून बायकोचा आवाज आला, "ऑफिसला."

एका रात्री टायरच्या कडेवरचे आकडे नीट वाचले. 315/70 आर 17, म्हणजे रुंदी 315 मिलिमीटर, टायरच्या कडेची उंची तिच्या 70 टक्के आणि आतली रिम 17 इंची. कागदावर गुणाकार केला, तर व्यास 873 मिलिमीटर, म्हणजे 34.4 इंच. ज्या पस्तिसासाठी हा सगळा उपद्व्याप, ते पस्तीस नव्हतेच! मग जुने 31 तरी 31 होते का? ते विकून टाकल्यामुळे मोजता येईना. दोघं सारख्याच प्रमाणात खोटं बोलत असणार, असं धरून झोपलो.

शेवटी 4.56 ठरले. 4.10 नं पुन्हा जिथल्या तिथे आलो असतो, तेही जेमतेम, आणि नवे टायर नुसते मोठे नव्हते, भलतेच जडही होते. 4.88 नं चौथ्यात ताशी 100 ला इंजिन 2900 वर ओरडलं असतं.

मिस्त्रीनं विचारलं, "मागचेच की पुढचेही?" मी काटकसरीनं म्हटलं, "मागचेच करू." त्यानं हातातला पाना खाली ठेवला. फोर व्हील टाकल्यावर पुढची चाकं एका हिशेबानं फिरणार, मागची दुसऱ्या, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटून देणाऱ्या मधल्या ट्रान्सफर केसचं पीठ होणार, हे त्यानं दोन्ही हातांच्या मुठी एकमेकींवर रगडून दाखवलं. दोन्हीकडचे करायचे ठरले.

नवं पिनियन त्यानं जुन्याशेजारी ठेवलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नवं चक्क बारीक होतं. दात कमी करायचे तर डोकं लहान होणारच, हे कळत होतं, पण ज्याच्याकडून जास्त काम घ्यायचं तोच मुलगा अशक्त निघावा तसं वाटलं. पुढे शिमा, म्हणजे फट नेमकी करायच्या पातळ चकत्या. शिम घालायची, बारीक अंतर मोजणारं डायल गेज लावायचं, क्राऊन बोटानं हलवून दातांमधली मोकळीक बघायची, नाक मुरडायचं, सगळं पुन्हा खोलायचं. मोकळीक हवी जेमतेम दोन कागदांच्या जाडीएवढी. मग दातांना पिवळी पेस्ट फासून क्राऊन फिरवला, की पिनियन कुठे घासतं त्याचा ठसा उमटतो. तो ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत मिस्त्री कुणाशी बोलला नाही. चौथ्या खेपेला आला. त्यानं मला बोलावून दाखवला. मला पिवळा डाग दिसला. मी "वा!" म्हटलं.

गाडी देताना बजावलं, "वीस मिनिटं सावकाश चालवायची, मग पूर्ण गार होऊ द्यायची. असं चार-पाच वेळा. 800 किलोमीटरला तेल बदलायचं." त्यामुळे पहिली सहल अशी झाली, की वीस मिनिटं प्रवास आणि तासभर झाडाखाली. बायकोनं पुस्तक नेलं होतं, ते संपलं.

पण चढ? तो गाडी आता चौथ्यात चढते. पाचवा पुन्हा कामाला लागलाय.

राहता राहिला स्पीडोमीटर. माझ्या जुन्या गाडीत त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, चाकाशी त्याचं काही देणंघेणं नाही. नुसते टायर बदलले होते तेव्हा काटा 80 दाखवायचा आणि गाडी 90 नं पळायची. शेजारी बायको निवांत डुलकी घ्यायची. आता काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 74 नं चाललेली असते, आणि ती डॅशबोर्डला धरून म्हणते, "अहो, जरा हळू."