‘आमच्या आजीला कुणी तयार केलं होतं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. परदेशी सून कोल्हापुरात यायच्या आधी तिची काय तयारी करून घ्यावी, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मी पोरीला येण्याआधीच घाबरवून सोडते आणि महापुराचं लिहून गावाची बदनामी करते. तुमच्या आजी चिकोडीकडून कानडी बोलत सासरी आल्या, त्यांना कुणी तयार केलं नव्हतं, तरी संसार झालाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले, त्यांनाही गावानं सांभाळलं. शेवटी प्रेम असलं की सगळं जमतं. आणि तुमच्या पुतण्याचं तिकडंच एका मुलीशी ठरतंय, तुम्ही असली काही तयारी करणार नाही.

आजींपासून सुरू करते. त्या आल्या तेव्हा भाषा नवी होती, हे खरं. पण पंचमीला भाऊ मुराळी म्हणून न्यायला येत असेल ना? पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल. सासरी काही वाकडं घडलंच, तर चिकोडीहून चार माणसं येऊन ओसरीवर बसली असती आणि जाब विचारला असता. देवधर्म, सणवार, उंबऱ्यावरचं माप, यातलं काही त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. मुख्य म्हणजे या गावात राहायला त्यांना कुणाची परवानगी काढावी लागली नाही. माझ्या वहिनीचं माहेर जर्मनीत आहे. तिला न्यायला पंचमीला कुणी येत नाही.

वळिवड्याचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. 1943 ते 1948 या काळात तिथं जे राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली. त्यांना तिथं काय मिळालं? स्वतःच्या शाळा, स्वतःचं चर्च, दवाखाना, आणि अवतीभवती सगळी आपल्या भाषेची माणसं. कोल्हापूरनं त्यांना जागा दिली, माया दिली, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्या सावरल्या त्या आपल्या माणसांत राहून. लग्न होऊन एकटी आलेली मुलगी यातलं काहीच बरोबर आणत नाही. तिची सगळी वसाहत म्हणजे एक नवरा.

हाच माझ्या लेखाचा गाभा होता, आणि तो तुमच्यापर्यंत पोचला नाही असं वाटतं, म्हणून इथं जरा थांबते.

भारतीय माणसाशी लग्न केलं म्हणून परदेशी जोडीदार आपोआप भारतीय होत नाही. तो येतो एंट्री व्हिसावर, आणि तो व्हिसा त्या लग्नाच्या आधारावर असतो. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज आता ऑनलाइन होतो. या व्हिसावर उठून नोकरीला लागता येत नाही, आधी परवानगी घ्यावी लागते. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक राहूनच इथं कायम राहायची मुभा देणारं कार्ड, मिळालं की बरंच सुटसुटीत होतं. पण जोडीदाराच्या नात्यानं अर्ज करायचा तर नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झालेली हवीत. आणि कोर्टातून घटस्फोट झाला की ते कार्डही जातं. ‘सरळ इथलं नागरिकत्व घ्यावं’ असं तुम्ही लिहिलंय. त्याला अर्जाआधी सात वर्षांचा इथला रहिवास लागतो आणि आपल्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. आईवडील तिकडं थकलेले असताना कुठल्या लेकीनं ते इतक्या सहज सोडावं? ओसीआयवरसुद्धा शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळं ‘दोन एकर सूनबाईच्या नावावर घेऊ’ असं कुणी कौतुकानं म्हणत असेल, तर तो शब्द देऊ नये.

आता हे सगळं एका बाईच्या जागी बसून बघा. तिचं इथं असणंच नवऱ्यावर टेकलेलं. आधार काढायचं तर आधीच्या बारा महिन्यांत 182 दिवस इथं राहिलेलं असावं लागतं. म्हणजे पहिले सहा महिने आधार नाही, आणि आपल्याकडं आधार नसलं की सिमकार्डापासून जिथं जाईल तिथं थांबा. पैसे मागायचे नवऱ्याकडं, रिक्षावाल्याशी बोलायचं नवऱ्यानं, डॉक्टरला पोटात दुखतंय हे सांगायचं तेही त्यानंच. नवरा कितीही गुणाचा असू दे.

वहिनीबरोबर मी एका बँकेत गेले होते. पासपोर्ट तिचा, सही तिची, खातं तिचं. समोरच्या साहेबांनी एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. ‘मॅडमना काय पाहिजे?’ हे त्यांनी माझ्या भावाला विचारलं, ‘मॅडम काय करतात?’ तेही त्यालाच. ती मराठीत म्हणाली, ‘मला विचारा.’ मग ते दचकले, हसले, आणि पुढचा प्रश्न परत भावालाच विचारला! त्यावर भाऊ उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. तेव्हा कुठं काम तिच्याशी बोलून पुढं सरकलं. ‘मला विचारा’ हे दोन शब्द ती जर्मनीतून शिकून आली होती. तयारी म्हणते ती ही.

तुम्हाला तयारी म्हणजे साडी नेसायला, भाकरी थापायला शिकवणं असं वाटलं असावं. ते तिला वाटलं तर शिकेल, नाही तर नाही. मी लिहिलं होतं ते वेगळं. येण्याआधी तिच्या एकटीच्या नावावर परतीच्या तिकिटाएवढे पैसे असावेत, आणि त्याबद्दल घरात कुणी वाईट वाटून घेऊ नये. तिचे कागद तिच्या कपाटात असावेत, सासऱ्यांच्या तिजोरीत नकोत. औषधं रोजची असतील तर त्यातल्या घटकाचं नाव लिहून आणावं, कारण तिकडचं ब्रँडचं नाव इथल्या दुकानात चालेलच असं नाही. आणि पैसे, रस्ता, दुखणं यांपुरतं मराठी तिला आलं पाहिजे.

तयारी घराचीही लागते. आमचं घर पेठेतलं, दार दिवसभर उघडं. शेजारच्या काकू वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात येतात, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. जिथं सख्खी बहीणसुद्धा फोन करून येते तिथून आलेल्या मुलीला हे आधी सांगायला हवं, तसं सांगितलं. पण आईलाही सांगितलं की माडीवरची खोली तिची. दार लावलं म्हणजे सून रुसली नाही, तिला तासभर एकटं बसायचंय, एवढंच. आईला हे पटायला वहिनीच्या मराठीपेक्षा जास्त वेळ लागला. आता कुणी विचारलं तर आईच सांगते, ‘वर हाय, येईल खाली.’

प्रेमाबद्दल मी वाद घालणार नाही, ते हवंच. पण भाऊ सकाळी कागल एमआयडीसीत जातो तो संध्याकाळी येतो. मधले नऊ-दहा तास आई आणि वहिनी या दोघींना एकमेकींबरोबर काढायचे असतात. प्रेम नवरा-बायकोचं आहे, घरातले तास या दोघींचे.

राहिली बदनामी. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, 2019 ला तर दूध-पेट्रोलसाठी रांगा लागल्या होत्या. हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भोगलंय. ते लपवून पोरीला रंकाळ्याची संध्याकाळ आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तेवढं सांगायचं, हे मला पटत नाही. मी दोन्ही सांगितलं. दुधाचा तो फेसाळ पेला तिला इतका आवडला की पाहुणे आले की तीच त्यांना तिकडं घेऊन जाते. पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की भांडी-कपडे वर न्यायलाही तीच पुढं असते.

तुमच्या पुतण्यासाठी कळकळीनं सांगते. टुरिस्ट व्हिसावर आणू आणि मग बघू, असं करू नका. तिकडच्या भारतीय दूतावासात चौकशी त्यानं आत्ताच सुरू करावी, आणि त्यात ती मुलगी स्वतः असावी. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या वेळी काय लागू आहे ते तिनंच वाचावं. राहायला येण्याआधी एकदा तिला नुसती बघायला आणा, आणि दिवाळीत नको, जुलैत आणा. कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, लाइट जाते, घरात सगळे दाटीवाटीनं बसलेले असतात, अशा दिवसांत. त्यानंतर ती काय म्हणते ते पुतण्यानं ऐकावं, आणि ‘नको, आपण इकडंच राहू’ म्हणाली तर तेही घरातल्या मोठ्यांनी ऐकून घ्यावं.

आणि ती आलीच, तर आमचं घर तुम्हाला लांब नाही. वहिनीशी बोलायला तिला कधीही पाठवा.